घंटाघराजवळची कबर

सुट्टीत फिरायला जाणे ही आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीय घरांत तशी नवी गोष्ट. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे गाव. मामाकडचे आंबे-फणस, एखादे लग्न, फार तर हाजी अलीची एक चक्कर. चार पैसे साठले तर ते उमराहसाठी बाजूला ठेवले जात, आणि ते योग्यच होते. आता मुले शाळेतून येतात ती विचारतच, ‘सगळे कुठे कुठे जाऊन आले, आपण कुठे जायचे?’ रोडपालीत राहणाऱ्या मुलांना डोंगर नवा नाही, खारघरची टेकडी रोजच समोर असते. पण बर्फाचा डोंगर त्यांनी फक्त मोबाइलवर पाहिलेला. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवसांसाठी नेपाळला जायचे ठरले. आम्ही दोघे, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा.

मुलांच्या दादीने एकच प्रश्न विचारला, ‘तिथे सगळी देवळंच ना? मग आपण बघायचं काय?’

प्रश्न साधा होता, पण टाळण्यासारखा नव्हता. असा प्रश्न अनेक घरांत निघतो आणि त्यावर एक तर भांडण होते, नाही तर सहलच रद्द होते. आम्ही दादींना इतकेच म्हणालो की जमिनीवर फिरून पाहा, विचार करा, अशी ताकीद कुराणात एकदा नाही, अनेकदा आली आहे. सूरह अन्कबूतमध्येही ती आहे. काय बघायचे ते तिथे गेल्यावर कळेल. दादींनी दुआ दिली, डब्यात खजूर आणि तिळाचे लाडू भरून दिले, आणि आम्ही निघालो.

आधी जाणाऱ्यांच्या उपयोगाचे थोडे सांगतो. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पण विमानाने जाताना मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे लागते, नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० नेपाळी रुपये होतात, हा दर वर्षानुवर्षे ठरलेला आहे. मोठ्या नोटांबाबतचे नियम बदलत असतात, तेव्हा शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. आणि घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. हा पंधरा मिनिटांचा फरक आमच्या धाकट्याला सगळ्या सहलीत जास्त आवडला. नमाजेच्या वेळा काढताना तो स्वतःहून हिशेब मांडायचा.

खाण्याची अडचण होईल असे वाटले होते, तशी झाली नाही. तिथला मोमो बहुतेक ठिकाणी म्हशीच्या मांसाचा असतो आणि जनावर कसे कापले आहे ते कळायला मार्ग नसतो. म्हणून हॉटेलात आम्ही डाळ, भात, पालेभाजी आणि भाजीचे मोमो यांवर राहिलो. मशिदीजवळ हलाल जेवण मिळाले. मुसाफिर म्हणून कसर नमाज होतीच. आपल्या कोकणी घरांत शाफई मसलक असल्याने येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी मुक्काम, असा हिशेब आम्ही आधीच करून ठेवला होता.

काठमांडूत पोहोचलो तेव्हा तिहार नुकताच संपला होता. तिहार म्हणजे तिथली दिवाळी. घराघरांच्या दारांवर झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या. आमच्या गाडीत डोंबिवलीचे एक कुटुंब होते. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात. आम्ही मुलांशी मराठीत बोलत होतो. काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, ‘तुम्ही किती छान मराठी बोलता हो!’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले असते. मुलगी हसून म्हणाली, ‘काकू, तुम्हीपण छान बोलता.’ काकूही हसल्या, आणि तिथून पुढे गाडीत चिवड्याचा डबा सगळ्यांचा झाला.

दुसऱ्या दिवशी पशुपतिनाथ. मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश आहे. डोंबिवलीकर आत गेले, आम्ही बागमतीच्या पलीकडच्या काठावर पायऱ्यांवर बसलो. समोर घाटावर चिता जळत होत्या. एका बाजूला रडणे, दुसऱ्या बाजूला माकडांची पळापळ आणि फोटो काढणारे प्रवासी. मृत्यू इतका उघड्यावर मुलांनी पहिल्यांदाच पाहिला. दोघेही गप्प होते. मग धाकट्याने विचारले, ‘आपल्याला आत का नाही सोडत?’ आम्ही त्याला सांगितले की मक्केच्या हद्दीवरही पाटी असते, तिथून पुढे फक्त मुसलमानांनी जायचे. ज्याचे त्याचे घर, ज्याचा त्याचा नियम. आपल्या घराचा नियम लोकांनी पाळावा असे वाटत असेल, तर दुसऱ्याच्या घरचा नियम बाहेर बसून पाळायला काय हरकत आहे? त्याला ते पटले.

संध्याकाळी बौद्धनाथला गेलो. पांढरा प्रचंड घुमट, त्यावर रंगवलेले डोळे आणि भोवती जपमाळ ओढत गोल चालणारी म्हातारी माणसे. चालणाऱ्यांत कितीतरी तिबेटी होते. १९५९ साली दलाई लामांना तिबेट सोडावे लागले, तेव्हा हजारो तिबेटी डोंगर ओलांडून नेपाळमध्ये आले, त्यांतल्या अनेकांनी या स्तूपाच्या आसपास संसार मांडले. घर सोडून आलेल्यांची ही वस्ती पाहताना मनात आले, या शहराने आणखी कुणाकुणाला आसरा दिला असेल? त्याचे उत्तर आम्हाला दोन दिवसांनी मिळायचे होते.

मधला दिवस भक्तपूर आणि नगरकोटचा. २०१५ च्या २५ एप्रिलला झालेल्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे गेली. भक्तपूरमध्ये घरे, देवळे, जुने वाडे कोसळले. पण न्यातपोल नावाचे पाच मजली देऊळ उभे राहिले. ते १७०२ साली बांधलेले आहे आणि १९३४ च्या मोठ्या भूकंपातूनही वाचले होते. उंच, एकावर एक चढत गेलेला पाच पायऱ्यांचा चौथरा, त्यावर विटा आणि लाकडाचे बांधकाम. पूजा आमची नाही, पण कारागिराच्या हाताला दाद दिल्याने कुणाचे इमान कमी होत नाही. गल्लीत सुतार नव्या खिडक्या जुन्या नक्षीप्रमाणे कोरत बसले होते. मुलगी त्यांच्याजवळ बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, ‘पुस्तकात पाया पक्का हवा म्हणतात, ते हे.’

रात्री नगरकोटला मुक्काम. दोन हजार मीटरांहून जास्त उंची, थंडी अशी की वजूचे पाणी चटका देत होते. फजर झाली आणि आम्ही गच्चीवर गेलो. आधी काळोख, मग राखाडी, मग उत्तरेकडे एकामागून एक शिखरे गुलाबी होत गेली. सूरह नबामध्ये पहाडांना मेखांची उपमा आहे. आम्ही ती सूरह कितीदा वाचली, शिकवली असेल. त्या सकाळी कुणी काहीच बोलले नाही. धाकट्याने हळूच ‘सुब्हानल्लाह’ म्हटले, ते कुणी सांगितले नसताना.

एवढ्यावर सहल संपली असती तरी आमचे पैसे वसूल होते. पण त्या दिवशी जुमा होता.

काठमांडूच्या मधोमध, राणीपोखरी तलावाजवळ घंटाघर आहे. तिथून दरबार मार्गाच्या बाजूला दोन जुन्या मशिदी जवळजवळ आहेत, काश्मिरी जामे मशीद आणि नेपाळी जामे मशीद. काश्मिरी व्यापारी पंधराव्या शतकाच्या अखेरीस, राजा रत्न मल्लाच्या काळात, इथे आले असे मानले जाते. ल्हासा, काठमांडू आणि हिंदुस्तान या रस्त्यावर लोकर आणि शालींचा व्यापार करणारी ही माणसे. त्यांची मशीद पाचशे वर्षांची म्हणून ओळखली जाते. आज नेपाळात मुसलमान चौदा लाखांवर आहेत, २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के. बहुतेक सगळे आपल्या सीमेलगतच्या तराईत. डोंगरातही पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मुसलमान आहेत, त्यांना चुरौटे म्हणतात. चुरा म्हणजे बांगडी. बांगड्या करणारे, विकणारे, आपल्याकडच्या मणियारांसारखे. त्यांची मायबोली नेपाळी. हे ऐकून मुलगी म्हणाली, ‘म्हणजे त्यांनाही कुणीतरी म्हणत असेल, तुम्ही किती छान नेपाळी बोलता!’

घरातले दोघे नमाजेला आत गेले आणि आम्ही दोघी मशिदीशेजारच्या एका साध्या कबरीपाशी थांबलो. ही कबर आहे बेगम हजरत महल यांची.

हे नाव आम्हा शिक्षकांना चांगले माहीत आहे. अल्पसंख्याक मुलींसाठी ‘बेगम हजरत महल राष्ट्रीय शिष्यवृत्ती’ होती. नववी-दहावीला वर्षाला ५,००० रुपये, अकरावी-बारावीला ६,०००. आमच्या उर्दू शाळेतल्या कितीतरी मुलींचे अर्ज आम्ही भरून दिले. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करणारे, आई घरी शिवणकाम करणारी, अशा मुलींना त्या पैशांत गणवेश, वह्या आणि वर्षभराचे रिक्षाभाडे सुटायचे. ती चालवणारे मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश २०२४ मध्ये निघाला. अर्ज भरताना मुली विचारायच्या, ‘टीचर, या बेगम कोण?’ आणि इतिहासाचा तास तिथेच सुरू व्हायचा.

अवधचे नवाब वाजिद अली शाह यांची ही बेगम. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाबांना कलकत्त्याला पाठवले. बेगम लखनौतच राहिल्या. पुढच्या वर्षी उठाव झाला, तेव्हा जुलै महिन्यात त्यांनी आपल्या लहान मुलाला, बिर्जीस कद्रला, गादीवर बसवले आणि कारभार स्वतः हाती घेतला. १८५८ च्या मार्चमध्ये लखनौ पडले. नोव्हेंबरमध्ये राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला, माफी आणि सुराज्याची आश्वासने देणारा. बेगमनी त्याला जाहीर उत्तर दिले. इंग्रजांचे करार आजवर कसे मोडले गेले याची यादीच मांडली, आणि रयतेला रस्ते बांधणे नि कालवे खणणे याहून चांगले काही देऊ केलेले नाही, असेही सुनावले. राज्य गेलेले, फौज पांगलेली, आणि तरीही ही बाई वाक्य खाली पडू देत नव्हती.

मग त्या नेपाळच्या सीमेकडे सरकल्या. त्याच तराईच्या जंगलात त्यांच्याबरोबर आणखी कोण होते? नानासाहेब पेशवे. आमच्या पनवेलला लागून कर्जत तालुका आहे, तिथले वेणगाव हे नानासाहेबांचे जन्मगाव. आणि नानासाहेबांचे उजवे हात कोण, तर अझीमुल्ला खान, ज्यांनी पेशव्यांच्या पेन्शनचा खटला मांडायला थेट लंडन गाठले होते. अवधची मुसलमान बेगम, कोकणात जन्मलेला ब्राह्मण पेशवा आणि त्याचा मुसलमान वकील, १८५८ संपता संपता हे सगळे एकाच जंगलात, एकाच आसऱ्याच्या शोधात. नानासाहेब आणि अझीमुल्ला तराईतल्या तापानेच गेले, असे मानले जाते. दोघांचीही खूणगाठ म्हणून दाखवावी अशी जागा नाही. पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांना मात्र काठमांडूत आसरा मिळाला, आणि बेगमनाही.

आसरा देणारे होते नेपाळचे जंगबहादूर राणा. इथे गोष्ट सरळ राहत नाही, आणि मुलांना ती सरळ करून सांगूही नये. याच जंगबहादूरांनी १८५८ मध्ये गुरखा फौज घेऊन लखनौ घेण्यात इंग्रजांना मदत केली होती. त्याचे बक्षीस म्हणून इंग्रजांनी १८६० मध्ये तराईचा पश्चिमेकडचा मोठा पट्टा नेपाळला परत दिला. ज्याने घर पाडायला हात लावला, त्यानेच पुढे छप्पर दिले. ते फुकटही नव्हते. पेशव्यांचा नामांकित नौलखा हार राणांकडे गेला असे सांगतात. तरीही इंग्रजांचा दबाव असताना त्याने बेगमना त्यांच्या हवाली केले नाही, हेही तितकेच खरे.

बेगम वीस वर्षे या शहरात राहिल्या. इंग्रजांची पेन्शन घेऊन परत येण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. ७ एप्रिल १८७९ रोजी त्यांचे इथेच निधन झाले. मुलगा पुढे हिंदुस्तानात परतला आणि १८९३ मध्ये कलकत्त्यात वारला. बहादुरशाह जफर यांची रंगूनमधली कबर आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच उठावातल्या या बाईची कबर मुंबईपासून विमानाने तीनेक तासांच्या अंतरावर आहे आणि तिथे आपल्याकडून फारसे कुणी जात नाही. लखनौत त्यांच्या नावाची बाग आहे, १९८४ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पण जिथे त्या विसावल्या, तिथे गर्दी फक्त रस्त्यावरच्या गाड्यांची.

मुलीने दुपट्टा सारखा केला, फातेहा वाचली. मग विचारले, ‘त्यांना घरची आठवण येत असेल ना? वीस वर्षं!’ आम्हाला तेव्हा हबशाची हिजरत आठवली. मक्केतल्या छळाला कंटाळून पहिले मुसलमान समुद्र ओलांडून गेले ते एका ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे. कुरैशचे वकील नजराणे घेऊन त्यांना परत मागायला गेले आणि राजाने ते परत केले नाहीत. म्हणजे आपल्या इतिहासाची सुरुवातच दुसऱ्याने दिलेल्या आसऱ्याने झाली आहे. नजाशी आणि जंगबहादूर यांची बरोबरी होऊ शकत नाही. नजाशीने इन्साफ केला, जंगबहादूरने हिशेब केला. पण आसरा घेणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर दोन्हीकडे खरे असते. आणि ज्याने एकदा आसरा घेतला, त्याच्यावर आसरा देण्याचे कर्ज राहते. तिबेटी म्हाताऱ्यांना पाहून जो प्रश्न पडला होता, त्याचे उत्तर आम्हाला या कबरीपाशी मिळाले.

नमाज संपवून बाप-लेक बाहेर आले. मशिदीतल्या फलकावर असरची वेळ आमच्या हिशेबापेक्षा बरीच उशिराची होती, कारण तिथे हनफी मसलक. धाकट्याला वाटले घड्याळाची पंधरा मिनिटे चुकली. त्याला दोन मसलकांतला फरक समजावून सांगेपर्यंत मशिदीतल्या एका बुजुर्गांनी आमची विचारपूस केली. ‘महाराष्ट्र?’ ते म्हणाले, ‘इतक्या लांबून बेगमसाहेबांना भेटायला आलात?’ आम्ही खरे ते सांगितले, आलो होतो डोंगर बघायला. ते हसले. म्हणाले, ‘मग डोंगरांनी तुम्हाला इथे पाठवलं.’

रात्री जेवताना ही हकीकत डोंबिवलीच्या काकांना सांगितली. नानासाहेबांचे नाव निघताच त्यांनी घास खाली ठेवला. त्यांना वेणगाव माहीत होते, काठमांडूचा हा धागा माहीत नव्हता. शनिवारी विमान दुपारचे होते. सकाळी खरेदीला जायचे सोडून ते तिघे आमच्याबरोबर घंटाघराकडे आले. कबरीपाशी काकांनी चपला काढल्या आणि हळूच विचारले, ‘इथे नमस्कार कसा करायचा?’ आम्ही म्हटले, ‘तुम्ही घरी करता तसाच.’ त्यांनी हात जोडले, आम्ही दुआसाठी हात उचलले. काकूंची नात पुस्तकात घालायला वाटेवर पडलेले झेंडूचे एक फूल उचलत होती. नेपाळमध्ये पेशव्यांचे कोण कोण राहिले, कुठे राहिले, हे काका विमानतळापर्यंत विचारत होते. छान मराठीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, फिरायला जरूर जा. मुलांना बर्फ दाखवा, बाजार दाखवा. पण निघण्यापूर्वी एक प्रश्न विचारून घ्या, त्या गावात आपले कोण आहे? ‘आपले’ म्हणजे फक्त नात्यातले किंवा जमातीतले नव्हेत. ज्यांनी आपल्यासाठी काही गमावले, ते सगळे. असे कुणीतरी जवळजवळ प्रत्येक गावात झोपलेले असते आणि त्याला शोधायला अर्धा तास पुरतो. काठमांडूला गेलात तर तो अर्धा तास घंटाघराजवळ द्या.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गात आम्ही हिंदुस्तान आणि नेपाळचा कोरा नकाशा फळ्याला लावला आणि मुलींना दोन रेषा काढायला सांगितल्या. एक वेणगावहून बिठूरमार्गे तराईपर्यंत, दुसरी लखनौहून तराईमार्गे काठमांडूपर्यंत. दोन्ही रेषा सीमेवरच्या जंगलात एकमेकींना भेटतात. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘टीचर, एक रेषा पुढे जाते, एक तिथेच थांबते.’ मग तिने खडू घेतला आणि जिथे रेषा थांबली होती तिथे दोन नावे लिहिली, नानासाहेब आणि अझीमुल्ला. शेजारी शेजारी.